बापूरावांचा नापास ट्रक

अर्जदार: गजानन तुकाराम उमाळे, वय बावन्न, धंदा अर्जनविसी, बैठक सिविल लाइंसमध्ये कचेरीच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली, राहणार कांचघर, जबलपूर.

गैरअर्जदार: बापूराव चिंचमलातपुरे, सेवानिवृत्त तपासनीस, राहणार अर्जदाराच्या भिंतीला भिंत लावून.

वादाची वस्तू: एक जुना फौजी ट्रक, रंग जैतुनी हिरवा, मुक्काम गैरअर्जदाराच्या अंगणातील टिनाच्या शेडमध्ये, नाक मात्र दीड हात गल्लीत.

कालावधी: गैरअर्जदार निवृत्त झाले तेव्हापासून आजतागायत.

साक्षीदार: एक, अर्जदाराची पत्नी सुमन, दोन, गैरअर्जदाराच्या पत्नी शालिनीवहिनी, ज्या पतीविरुद्ध साक्ष देण्यास केव्हाही तयार असतात, तीन, समस्त गल्ली.

मायबाप वाचकांच्या सेवेशी अर्ज असा की, कचेरीत हिंदी चालते आणि तेथे माझे कागद अगोदरच पोहोचलेले आहेत. तथापि काही गोष्टी कचेरीत सांगता येत नाहीत. सबब हा अर्ज मराठीत, आपल्यापुढे.

प्रथम मूळ तक्रार. गेल्या अक्षय्य तृतीयेस मी घराला सागवानी चौकट बसवली. गल्लीतील मंडळी पाहून गेली, पेढा खाऊन गेली. बापूराव आले. त्यांनी पेढा घेतला नाही. बंडीच्या खिशातून बोटभर लांबीची हातोडी काढली, चौकटीवर टक् टक् केले, कान लावला, एक डोळा मिटला आणि दुसऱ्या खिशातून लाल खडू काढून माझ्या सागवानावर वीतभर फुली मारली.

"तीन सूत लंगडी आहे," ते म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

"अहो, पण दार लागून राहिलं ना!"

"लागते म्हणजे बरोबर आहे असं नाही होत, गजाननराव. माझं लग्नही लागलं होतं."

"वास्तूच्या दिवशी लाल फुली? हे शोभते का तुम्हाला?"

"काहून घाबरता? फुली चौकटीला आहे, तुम्हाला नाही. तुम्हाला मी अजून तपासलं नाही."

या गृहस्थांनी फौजी गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात पस्तीस वर्षे एकच काम केले: दुसऱ्याच्या कामातील खोड काढणे. इतर लोक हा उद्योग हौसेने करतात आणि शिव्या खातात. बापूरावांना त्याबद्दल बढत्या मिळाल्या. कारखान्यात त्यांचे आडनाव कोणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून हिंदी मंडळी शेपूट धरून 'पुरे साहब' म्हणू लागली. ज्या माणसाचे कशानेच कधी पुरे झाले नाही त्यास हे नाव पडावे, यास दैवाची चेष्टा म्हणतात.

निवृत्तीनंतर हार, शाल आणि नारळ मिळाला. नारळ त्यांनी सत्कारमंचावरच टक् टक् करून पाहिला आणि "आतून सुका आहे" असे ध्वनिक्षेपकासमोर सांगितले. त्यानंतर कारखान्याने त्यांना घरी पाठवले, आणि हातोडी, खडू व दृष्टी या तीन वस्तू आमच्या गल्लीवर सोडल्या.

गल्लीतील विजेचा खांब, दूधवाल्याच्या सायकलीचे स्टँड, गणेशोत्सवाचा मंडप, सर्वांवर फुल्या आहेत. शालिनीवहिनी सांगतात, "आमच्या घरी पोळी आधी पास होते, मंग पोटात जाते. हे ताटात फिरवून पाहतात. एक दिवस म्हणे, 'उत्तरेकडून जाड आहे.' मी म्हटलं, मंग दक्षिणेकडून खा."

एका लग्नात त्यांनी मांडवाच्या खांबावर फुली मारली. वरपक्षाने अपशकुन म्हणून गहजब केला, वधूपित्याने हात जोडले, बापूरावांना पंगतीतून उठवण्यात आले. मठ्ठा वाढण्याच्या सुमारास तो खांब खरोखरच कलंडला. कोणास इजा झाली नाही. पण बापूरावांचे म्हणणे खरे ठरले, आणि हा अपराध त्या कुटुंबाने अद्याप माफ केलेला नाही.

आता ट्रकाविषयी. फौजेने काढून टाकलेल्या गाड्यांच्या लिलावातून बापूराव तो घेऊन आले. ट्रॅक्टरने ओढत आणला, त्यास दार नव्हते, काच नव्हती, हौद्यात एरंड उगवलेला होता. गल्ली गोळा झाली. मी विचारले, "बापूराव, हे भंगार काहून आणलं?"

त्यांनी सांगाड्यावरचा गंज अंगठ्याने घासला. खाली पुसटसा शिक्का होता.

"भंगार म्हणू नका. हा मी पास केलेला आहे. आमच्याकडून गेला तेव्हा ठीक होता. बाहेर गेला अन् संगतीनं बिघडला."

दोन वर्षे दुरुस्ती चालली. प्रत्येक नट घासलेटच्या डब्यात बुडाला. हिरवा रंग चार वेळा लागला आणि चार वेळा खरवडला गेला, कारण पहिला पोपटी होता, दुसरा शेवाळी, तिसरा "पोलिटिकल", आणि चौथ्यास काय दोष होता हे बापूरावांनी सांगितले नाही, नुसतीच मान हलवली. शालिनीवहिनींना वर चढता यावे म्हणून डाव्या बाजूला एक जास्तीची पायरी जोडली. कारखान्याच्या नकाशात ती नाही. वहिनींनी चढून पाहिले आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षांत माझ्यासाठी एक पायरी केली, तीही ट्रकाला." एवढे बोलून त्या अर्धा तास वर बसून राहिल्या आणि तेथेच मटार सोलले.

हे काम बापूराव स्वतः करीत नसत. तपासनिसाने पाना धरू नये, असा त्यांचा दंडक. काम करीत असे रामदीन मिस्त्री.

हा रामदीन कारखान्यातला जुना फिटर. वयाने बापूरावांहून थोडा थोर, हाडापेराने मजबूत, खाकी शर्ट, हातात तीन पुडांचा डबा. सकाळी कारखान्याचा भोंगा वाजला की सून त्यास आमच्या कोपऱ्यापर्यंत आणून सोडी. मी त्या वेळी ओट्यावर दात घाशीत असे. तो थांबे, मला वरपासून खालपर्यंत पाही आणि म्हणे, "काय बड्डे, नए भर्ती हुए हो?"

बड्डे म्हणजे जबलपुरी बोलीत दादा. पहिल्या दिवशी मी माझा परिचय दिला. नाव, गाव, धंदा. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारले, "काय बड्डे, नए भर्ती हुए हो?" तिसऱ्या दिवशीही तेच. या मनुष्यास मी माझा परिचय दोन वर्षांहून अधिक काळ रोज करून दिला आहे. ज्याच्या हातचे अर्ज वाचून मोठमोठे अधिकारी चष्मा पुसतात, त्यास एक फिटर रोज सकाळी नवा उमेदवार समजतो, हा उद्दामपणा मी तक्रारीत स्वतंत्र परिच्छेद करून घातला होता. तो परिच्छेद आता मागे घेत आहे. कारण पुढे येईल.

दिवसभर शेडमधून ठोकाठोकी ऐकू येई. चारच्या भोंग्याला बापूराव पांढरा शर्ट घालून, लाल पुठ्ठ्याचे रजिस्टर घेऊन बाहेर येत. रामदीन सावधान उभा राही.

"साहब, आज तो पास कर दो."

टक् टक्. कान. एक डोळा. "दो सूत का फर्क है, रामदीन."

"काहे का फर्क! हमने खुद नापा है."

"नापा होगा. रिजेक्ट."

लाल फुली पडे. रजिस्टरात शेरा पडे. रामदीन डबा उचलून कोपऱ्यावर उभ्या असलेल्या सुनेकडे जाता जाता सबंध गल्लीस ऐकू जाईल असे म्हणे, "जे आदमी थोडी है, फुटपट्टी है फुटपट्टी! कल देखेंगे!" आणि चांगला रंगात येऊन जाई.

शेड आखूड आणि ट्रक लांब, मागे भिंत. त्यामुळे नाक गल्लीत. माझी स्कूटर त्या नाकाशी रोज वळसा घेई. तशात चौकटीवरची फुली. ती सुमनने तीनदा पुसली, पण सागवानाने खडू पिऊन टाकला होता. अखेर मी लेखणी उचलली. गल्लीच्या सह्या घेतल्या आणि संबंधित कचेरीकडे तक्रार दिली की, सदर वाहन चालू असेल तर रस्त्यावर न्यावे, भंगार असेल तर उचलावे, परंतु नाक हटवावे. माझ्या आयुष्यातील तो एक उत्कृष्ट अर्ज होता. महिन्याभरात बापूरावांना नोटीस आली.

नोटीस घेऊन ते थेट माझ्याकडे आले.

"गजाननराव, याचं उत्तर लिहून द्या."

"बापूराव, तक्रार मीच लिहिली आहे."

"माहीत आहे. सोबत प्रत लावली आहे त्यांनी. मजकूर मजबूत आहे." त्यांनी प्रत पुढे केली. "समास मात्र खाली जाता जाता वाकडा झाला." आणि त्यावर लाल खडूने फुली होतीच.

अर्जनविसाने दारी आलेल्यास परत पाठवू नये, हा आमच्या धंद्याचा धर्म. वकिलास एका बाजूचे व्हावे लागते. आम्हांस दोन्ही बाजूंचे होता येते. मी म्हणालो, "उत्तराला पुरावा लागेल. दुरुस्ती खरोखर चालू आहे याचा कागद दाखवा."

"घरून रजिस्टर घ्या. तुमच्या वहिनी देतील."

दुसऱ्या दिवशी चारची तपासणी आटोपल्यावर वहिनींनी कपाटातून फडक्यात बांधलेला गठ्ठाच माझ्या हाती ठेवला. ओट्यावर बसून मी तो सोडला. वर लाल पुठ्ठ्याचे रजिस्टर, आणि त्याखाली आणखी एक, हिरव्या पुठ्ठ्याचे. दोन्ही बापूरावांच्या अक्षरात. मी दोन्हींत एकच दिवस काढला.

लाल रजिस्टर: 'पुढील डावे चाक. नट ढिले. नापास.'

हिरवे रजिस्टर: 'पुढील डावे चाक. रामदीनचे काम निर्दोष. पास.'

पुढचा दिवस. लाल: 'ब्रेकची दांडी, दोन सूत फरक. नापास.' हिरवे: 'ब्रेकची दांडी. रामदीनचे काम निर्दोष. पास.'

मी एकामागून एक पाने उलटली. कित्येक महिने हाच प्रकार. वाचकहो, माझ्या धंद्यात दुहेरी रजिस्टर सापडणे म्हणजे ज्योतिष्यास धूमकेतू दिसणे. मला आनंदाने घाम फुटला. हा तीन सुतांचा सत्यवादी, आणि घरात खरी वही एक, खोटी वही एक! कलमे माझ्या डोक्यात आपोआप रांगेत उभी राहिली. चारचा भोंगा होऊन गेला होता, रामदीन गेला होता. दोन्ही रजिस्टरे काखेत मारून मी शेडमध्ये शिरलो.

बापूराव पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर करून पुढच्या चाकाशी उकिडवे बसले होते. हातात पाना होता. ज्या माणसाने जन्मात पाना धरला नाही, तो पाना धरून रामदीनने दिवसभरात आवळलेले नट एकेक करून ढिले करीत होता.

"बापूराव! दोन रजिस्टरं? हा अपराध आहे!"

ते दचकले नाहीत. हिरव्या पुठ्ठ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "हो. आहे."

"मंग?"

"बसा. उभ्यानं ओरडू नका, रंग ओला आहे."

मी डब्यावर बसलो. त्यांनी उरलेला नट ढिला केला, मग सांगितले.

"रामदीनचं डोकं गेलं आहे, गजाननराव. तुम्हाला रोज विचारते ना, नवीन आहे का? त्याला तुम्ही रोज नवीनच असता. सुनेचं नाव आठवत नाही. जेवला की नाही ते आठवत नाही. पण ड्यूटी आठवते. घरात बसवला की दिवसभर, 'हमारी गाडी कहाँ है, ड्यूटी कब है.' एकदा निघाला तर कारखान्याच्या फाटकावर उभा. आत कोण घेणार? सून रडत माझ्याकडे आली. मी म्हटलं, ड्यूटी माझ्या घरी लावून द्या. म्हणून हा ट्रक आणला."

"मला वाटलं, तुमची हौस आहे."

"हौस?" ते म्हणाले. "मला गाड्या आवडत नाहीत. आवाज करतात."

"अन् त्याचे हात काही विसरले नाहीत?"

"हाताला सगळं आठवते. तेच तर झालं. दिवाळीच्या आधी ट्रक पुरा झाला. सुरू केला तर पहिल्या झटक्यात लागला. मी तपासलं, काहीच निघालं नाही. पास म्हणून सांगितलं. केवढा खूष झाला! हात धुतले, सलाम ठोकला, घरी गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. या गाडीचं काम संपलं ना? मंग दुसरी गाडी पाहायला निघाला. पनागरच्या रस्त्यावर सापडला, संध्याकाळ होत आली होती, पायात चप्पल नाही. ट्रकवाल्यांना हात दाखवून थांबवत होता अन् चाकाचे नट पाहत होता."

ट्रकाचे इंजिन गार होते, गल्लीत कोणाचा तरी कुकर शिटी देत होता.

"तेव्हापासून रोज रिजेक्ट करतो. तो गेला की ढिलं करतो. सकाळी त्याला वाटते, कोणी रात्रपाळीवाल्यानं बिघडवलं. त्यांना शिव्या देते अन् कामाला लागते." त्यांनी पाना फडक्याने पुसला. "पस्तीस वर्षं मी खोटा शेरा नाही दिला, गजाननराव. माझ्या सख्ख्या साडूचं काम रिजेक्ट केलं. अन् या माणसाचं, ज्याच्या हातात खोट नाही, रोज तोंडावर खोटं रिजेक्ट करतो. खरं कुठंतरी लिहून ठेवावं लागते. म्हणून हिरवं."

"त्याला एकदा सांगा ना, काम चांगलं आहे म्हणून."

"सांगितलं तर उद्या येईल का तो?"

मी घरी येऊन उत्तराचा मसुदा तीन वेळा फाडला. चालू आहे लिहावे तर ट्रक रस्त्यावर काढावा लागतो आणि रामदीनची गाडी संपते. भंगार आहे लिहावे तर ट्रक उचलला जातो आणि तरीही संपते. दोन्ही दारे मीच, माझ्याच उत्कृष्ट अर्जाने बंद केली होती. सुमन म्हणाली, "तुम्ही लिहिलेलं तुम्हालाच सोडवता येत नाही, मंग लोक काहून तुमच्याकडे येतात?"

अखेर 'दुरुस्ती चालू आहे' एवढेच मोघम उत्तर पाठवले. कचेरीने पाहणीचा दिवस ठरवला आणि त्या दिवशी तेथील साहेब सकाळीच आले. वयाने तरुण, हातात फाइल, दुसऱ्या हातात रुमाल. रामदीन चाकाशी बसून रात्रपाळीस शिव्या देत होता. साहेबांनी ट्रकाभोवती फेरी मारली.

"पुरे जी, सीधी बात बताइए. गाडी तैयार है कि कबाड है?"

बापूरावांनी खिशातली हातोडी काढली, परत ठेवली. रामदीन उठून उभा राहिला आणि मोठ्या अभिमानाने साहेबांना म्हणाला, "इनसे पूछो, इनसे. पुरे साहब झूठ नईं बोलते. हमारा काम कभी ऐसे ही पास नईं किया."

पुरे साहब जमिनीकडे पाहू लागले. मांडवातून उठवले तेव्हाही मी त्यांचे असे तोंड पाहिले नव्हते.

मी पुढे झालो. "हुजूर, तपासणी चालू आहे. ती पूर्ण होईतोवर वाहन तैयार म्हणता येत नाही आणि कबाड म्हणणे हा तपासणीचा अपमान आहे. मुदतवाढीची दरखास्त हजर करतो."

साहेबांनी कागद घेतला. फाइलमधील तक्रार काढली. उत्तराचा कागद काढला. तिन्ही शेजारी शेजारी धरले.

"शिकायत भी आपकी, जवाब भी आपका, और मोहलत भी आप ही माँग रहे हैं?"

"जी. मोहल्ल्यात अक्षर माझंच चांगलं आहे."

साहेब हसले की खोकले ते रुमालामुळे कळले नाही. रामदीनने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिले. "काय बड्डे, नए भर्ती हुए हो?"

"हाँ," साहेब म्हणाले. त्यांनी रामदीनकडे पाहिले, मग त्याच्या हातातल्या पान्याकडे. "छह महीने हुए."

"सीख जाओगे," रामदीन म्हणाला आणि पुन्हा चाकाशी बसला.

मुदत दसऱ्यापर्यंत मिळाली. गल्लीच्या सह्या मी घरोघर जाऊन मागे घेतल्या. कारण गल्लीत कोणालाही सांगितले नाही, बापूरावांस तसे वचन आहे. लोकांनी मला फितूर म्हटले. ते मी नोंदवून घेतले. रामदीनला उद्देशून लिहिलेला परिच्छेदही मागे घेतला. हल्ली सकाळी तो विचारतो तेव्हा मी सांगतो, "हो मिस्त्रीजी, आजच लागलो." तो मला कामाच्या दोन गोष्टी सांगतो. त्या चांगल्या असतात.

परंतु दसरा जवळ येत आहे, आणि मंजूर झालेली मुदत संपते, हा कायद्याचा मोठाच दोष आहे.

सबब मायबाप वाचकांस नम्र विनंती की, आपल्यापैकी कोणी त्या कचेरीत बसत असल्यास, किंवा तेथे बसणाऱ्या कोणास ओळखत असल्यास, या प्रकरणी निकाल देऊ नये. विरुद्ध देऊ नये, आणि कृपा करून बाजूनेही देऊ नये. विधवेचा दाखला, म्हाताऱ्याच्या जन्मतारखेची दुरुस्ती, पाण्याच्या नळाची परवानगी असे असंख्य कागद मी स्वतः तेथे दाखल केले आहेत आणि ते ज्या निष्ठेने वर्षानुवर्षे हालवले गेले नाहीत, त्याचा मी साक्षीदार आहे. त्याच निष्ठेने ही फाइलही त्यांच्याखाली ठेवावी. रामदीन मिस्त्री कामावर येत आहे तोवर ती वर येऊ नये, एवढाच न्याय मागतो.

उत्तराची प्रतीक्षा आहे. घाई मुळीच नाही.

आपला आज्ञाधारक,
गजानन तुकाराम उमाळे, अर्जनवीस